त्याची माणसं येईपर्यंत

बंदरावरचा पोलीस आत आला तेव्हा मी गुडघ्यांवर बसून दगडावर ओला कागद ठोकत होते. कोरीव अक्षरांचा ठसा घ्यायची ही जुनी रीत आहे. जाड कागद भिजवून दगडावर पसरायचा आणि ताठ केसांच्या ब्रशनं ठोकत राहायचं. कागद अक्षरांच्या खाचांत शिरतो, आणि वाळल्यावर सोलून काढला की उन्हात धरून वाचता येतो. मध्येच हात थांबला तर कागद फाटतो, म्हणून मी मान वर न करताच त्याला जरा थांबायला सांगितलं.

तो थांबला नाही. म्हणाला, "तुम्ही इंडियाच्या ना? धक्क्यावर एक माणूस बसलाय. तो काय बोलतोय ते कुणालाच कळत नाही. त्याच्याजवळ एक मेलेला माणूस आहे."

ही अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. लीसारा नावाचं ते बेट ग्रीसच्या दक्षिण समुद्रात आहे. एक गाव, एक बंदर, मागे उघडा डोंगर आणि बकऱ्या. मी मूळची कोल्हापूरची, उमा इंगवले. शिष्यवृत्तीवर अथेन्सला प्राचीन ग्रीक शिलालेख शिकत होते, आणि प्रोफेसर व्रेतोस यांनी मला या बेटावर बोलावून घेतलं होतं. त्यांनी तरुणपणी इथल्या चर्चच्या भिंतीत एका शिलालेखाचा वरचा अर्धा भाग शोधून छापला होता. आता त्याचाच खालचा तुकडा एका धनगराच्या बकऱ्यांच्या गोठ्याच्या उंबऱ्यात सापडला होता आणि बंदराजवळच्या खोलीत आणून ठेवला होता. प्रोफेसरांचे डोळे गेल्यातच जमा होते. वाचायचं मला होतं.

कागद तसाच टाकून मी पोलिसामागून निघाले. वारा इतका होता, की धक्क्यावर चालताना भिंतीला धरावं लागत होतं. जाळी ठेवायच्या खोलीत एक मध्यमवयीन माणूस जमिनीवर बसला होता आणि त्याच्या शेजारी घोंगडीत गुंडाळलेलं कोणीतरी होतं. मी हिंदीत नाव विचारलं. तो म्हणाला, दिगंबर सारंग. गाव विचारलं तर म्हणाला, देवगड. मी मराठीत म्हटलं, "मी कोल्हापूरची."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि इतका वेळ जे हिंदीत, तोडक्या इंग्रजीत सांगत होता ते सगळं टाकून तो मालवणीत बोलायला लागला. गेले कित्येक महिने माझ्या कानांवर मराठी शब्द पडला नव्हता. त्याचं निम्मं बोलणं मला कळलं नाही, पण शेवटचं कळलं. "तेका हयसर ठेवन मी घराक कसो जाव? तेच्या आयेक काय सांगू?"

मेलेल्याचं नाव जयवंत कुबल. दोघे एकाच वाडीतले, मासे धरणाऱ्या गाबितांच्या वाडीतले, आणि एकाच मालवाहू जहाजावर खलाशी. जहाजाचा मालक हिवाळ्याच्या तोंडावर नाहीसा झाला होता. ना पगार, ना तेल, ना फोनला उत्तर. जहाज बेटाच्या आडोशाला नांगर टाकून उभं होतं आणि त्यावरची माणसं तांदूळ संपवत दिवस काढत होती. जयवंतच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, तोच तो शिळा भात. दुखणं वाढत गेलं, आणि वादळामुळे होडी उतरवता येईना. उतरवली तेव्हा तो शुद्धीत होता. धक्का दिसायला लागल्यावर गेला. गावातल्या डॉक्टरनं पोटाला हात लावून सांगितलं, आतडं फुटलंय, एक दिवस आधी आणला असता तर कदाचित.

दिगंबरला फक्त एक हवं होतं. त्यानं मला विचारलं, इथे लाकडं कुठे मिळतील.

त्या काळी ग्रीसमध्ये प्रेत जाळायची सोय नव्हती. एकही स्मशान असं नव्हतं जिथे जाळता येईल, आणि उघड्यावर जाळायला परवानगी मिळणं शक्य नव्हतं. हे त्याला सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "आमच्यात मातयेत घालनत नाय." 

प्रेत अथेन्सला न्यायचं तर बोट हवी, आणि वाऱ्यामुळे सगळ्या बोटींना बंदी होती. बंदी कधी उठेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. त्यानंतर विमान, कागदपत्रं, आणि यातलं काहीही करायला मालक जागेवर नव्हता. दूतावासातल्या बाई फोनवर फार आपुलकीनं बोलल्या. देवगडकडच्या त्या वाडीत एका दुकानात फोन होता. तिथे त्यांनी जयवंतच्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं होतं. घरच्यांनी सांगितलं होतं, जे होईल ते करा, पण तो कुठे आहे ते आम्हाला कळू द्या. तोवर गावातल्या मच्छीमारांनी प्रेत बर्फाच्या खोलीत ठेवू दिलं. मासे एका बाजूला सारून त्याला जागा केली. दिगंबर त्या खोलीच्या दाराशी बसून असायचा. मी दिवसातून दोनदा जायचे, तो चहा प्यायचा आणि कप परत द्यायचा.

राहिला एकच मार्ग, गावातलं कबरस्तान. तिथे खरी अडचण होती.

पाद्री आडमुठा नव्हता. त्यानं मला शांतपणे समजावलं, की जमीन चर्चची आहे, माणूस ख्रिस्ती नाही, आणि त्याहून मोठं म्हणजे बेट खडकाचं आहे. माती फक्त त्या एका तुकड्यात आहे. त्यांच्याकडे माणूस पुरला की तीन वर्षांनी हाडं काढतात, वाइननं धुतात, पेटीत घालून एका खोलीत ठेवतात, आणि त्या खड्ड्यात पुढचा माणूस जातो. गावातल्या घरांना आपली माणसं ठेवायला जागा पुरत नाही. "मी हो म्हणेन," तो म्हणाला, "पण गावानं म्हणायला हवं." रविवारी प्रार्थनेनंतर सभा घ्यायचं ठरलं.

सरपंच, म्हणजे तिथला महापौर, स्तामातिस नावाचा उत्साही माणूस होता. त्याला काळजी वाटत नव्हती. त्याच्याजवळ दगड होता.

त्या दगडाबद्दल सांगायला हवं. प्राचीन ग्रीसमधली गावं म्हणजे एकेक वेगळं राज्यच असायचं, आणि दोन राज्यांत काही ठरलं की ते दगडावर कोरून देवळात उभं करायचे. तह, मैत्री, हद्दीचे निवाडे, परगावच्या माणसाला दिलेला मान, सगळं. आपल्याकडे पेशवाईत दुसऱ्या दरबारात जाऊन बोलणी करणाऱ्याला वकील म्हणत. तसे त्यांचेही वकील असत. लीसाराच्या शिलालेखात अशाच एका वकिलाची हकीकत होती. वरचा तुकडा सांगत होता: मेनिस्कोस, थेउदोरोसचा मुलगा, समुद्रापलीकडच्या आपल्या शहराकडून आला, दोन्ही शहरांत मैत्री व्हावी, चाच्यांनी पळवलेली एकमेकांची माणसं परत मिळावीत म्हणून लोकांपुढे बोलला, काम पुरं व्हायच्या आधी इथेच आजारी पडून वारला, म्हणून लोकांनी ठरवलं, की त्याला... आणि तिथे दगड तुटला होता.

पुढचं प्रोफेसर व्रेतोस यांनी अंदाजानं भरलं होतं: "शहराच्या सर्वांत चांगल्या जागी कायमचं दफन करावं." असं भरणं आमच्या कामात चालतं, फक्त ते कंसात लिहायचं असतं. पण कंस पुस्तकात राहिला आणि वाक्य गावात गेलं. बंदराच्या रस्त्याला मेनिस्कोसचं नाव मिळालं. शाळेतली मुलं दरवर्षी त्याच्या दफनाचं नाटक बसवायची. परक्याला आपल्या मातीत जागा देणारं गाव, ही लीसाराची ओळख झाली होती. सभेत आपण तो लेख वाचून दाखवू, स्तामातिस म्हणाला, मग कोण तोंड उघडतंय ते बघू.

अर्धवट टाकलेला कागद फाटला होता, नव्यानं घेतलेला ठसा शनिवारी दुपारी वाळला. खिडकीत तिरका धरला तर अक्षरं उमटून दिसली. झिजलेली, बकऱ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेली, पण पहिल्या ओळीतला शब्द स्पष्ट होता. तो "येईपर्यंत" असा होता. मी दुसऱ्या, तिसऱ्या ओळीवर, मग अगदी खालच्या बारीक ओळींपर्यंत गेले. नंतर दगडाकडे जाऊन बोटांनी चाचपून पाहिलं. मग प्रोफेसरांच्या खोलीत गेले.

ते पलंगावर बसून रेडिओवर हवामानाच्या बातम्या ऐकत होते. मी त्यांना वाचून दाखवलं. कायमच्या दफनाबद्दल त्यात काहीच नव्हतं. होतं ते असं, की त्याची माणसं येईपर्यंत त्याला सांभाळावं. प्रोफेसरांनी मला तो शब्द पुन्हा वाचायला लावला, अक्षर अक्षर करून. मग ठसा हातात मागितला आणि उलट्या बाजूनं अंगठा फिरवत राहिले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मला हवं होतं ते मी तिथे लिहिलं. महायुद्ध नुकतंच संपलं होतं तेव्हा. माझा भाऊ कुठे पुरलाय ते आम्हाला माहीत नव्हतं."

 मग त्यांनी विचारलं, "हे अजून कुणाला सांगितलंस?"

मी म्हटलं, नाही.

"मग सोमवारी सांग. हा दगड दोन हजार वर्षं थांबलाय. तुझ्या त्या माणसाला थांबता येत नाही. उद्या स्तामातिसला त्याचं ते वाचू दे, लोक हो म्हणतील, माणूस मातीत जाईल. मग माझी चूक जगाला सांग. मला वाईट वाटणार नाही."

ते स्वतःला वाचवण्यासाठी बोलत नव्हते, हे मला दिसत होतं. त्यामुळेच नाही म्हणणं अवघड होतं. मी विचार करते असं सांगून बाहेर पडले आणि बर्फाच्या खोलीकडे गेले. दिगंबरनं विचारलं, उद्या काय होईल. मी म्हटलं, बहुतेक हो म्हणतील. तो म्हणाला, तू आहेस म्हणून. मला ते ऐकवलं नाही.

रविवारी सभेला सगळं गाव आलं होतं. दिगंबर माझ्या शेजारी, कुणाचा तरी कोट घालून, हात मांडीखाली घेऊन बसला होता. स्तामातिसनं सुरुवात केली, वादळ, जहाज, मालकाचा नालायकपणा, सगळं सांगितलं आणि मग लेख वाचला. कायमच्या दफनाचं वाक्य त्यानं दोनदा वाचलं. लोकांनी माना हलवल्या. झालंच म्हणायचं, असं मला वाटलं. खरं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखंच झालं.

मग मागच्या रांगेतून निकितास उठला. हा पूर्वी स्वतःच्या बोटीचा कप्तान होता, आणि गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. त्याचा एकुलता एक मुलगा स्तेलिओस मासेमारीला जाऊन परत आला नव्हता. बोटीची फळी सापडली, मुलगा नाही. कबरस्तानात त्याच्या नावाचा संगमरवरी दगड होता आणि दगडाखाली काही नव्हतं. निकितासची बायको, कालिओपी, दर शनिवारी त्या रिकाम्या जागेवर दिवा लावायची.

तो ओरडला नाही. म्हणाला, "मला त्या माणसाचा राग नाही. समुद्रानं त्याला मारलं, माझ्या मुलालाही मारलं. पण माझ्या मुलाला कुठल्या तरी किनाऱ्यावर कुणी काढलं असेल, तर तेही असंच म्हणाले असतील. आपल्या मातीत घाला, पुण्य लागेल. आणि मी इथे त्याची वाट बघतोय. परक्याला कायमचं ठेवून घेणं हे चांगलं काम आहे असं मला कुणी सांगू नका." मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "खालचा दगड सापडलाय, या मुलीनं तो वाचलाय. तिला विचारा. आपल्या लोकांनी खरंच त्याला ठेवून घेतलं का?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. प्रोफेसर पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. दिगंबरला भाषा कळत नव्हती, पण काहीतरी माझ्यावर आलंय हे कळलं. तो हळूच म्हणाला, "काय झाला, बाय?"

मी उठले. मला वाटतं, निकितासनं रागानं विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते. पण त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "ठेवून घेतलं नाही. खाली लिहिलंय, त्याची माणसं येईपर्यंत त्याला आपल्या माणसासारखं सांभाळावं."

खोलीत कुजबुज सुरू झाली. स्तामातिसनं कपाळाला हात लावला. कुणीतरी म्हणालं, मग प्रश्नच मिटला. मी म्हटलं, लेख अजून संपलेला नाही.

"त्याच्याखाली दुसऱ्या हातानं कोरलेल्या ओळी आहेत. अक्षरं बारीक आहेत, म्हणजे नंतरच्या. त्यात लिहिलंय, की कुणी आलं नाही. म्हणून लोकांनी ठरवलं, की त्याच्या अस्थी समुद्रापार त्याच्या शहरात पोचवाव्यात, आणि त्याच्या आईबापांना लोकांचा निरोप सांगावा. शेवटी निवडलेल्या वकिलांची नावं आहेत. एक नाव झिजलंय. दुसरं किम्बोस का किम्रोस, ते अजून लागलेलं नाही."

"आणि मैत्री?" पाद्र्यानं विचारलं. "तो ज्यासाठी आला होता ती झाली का?"

मी म्हटलं, दगडावर त्याबद्दल काही नाही.

निकितास उभाच होता. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.  लोक वाट बघत होते, कारण तो नाही म्हणाला असता तर गावही नाही म्हणालं असतं.

"स्तेलिओसची जागा रिकामी आहे," तो म्हणाला. "त्यात घाला. तीन वर्षं. पण तीन वर्षांनी तो घरी जायला पाहिजे. पेटीत घालून त्या खोलीत ठेवायचा नाही. कोण नेणार त्याला?"

 मी मराठीत दिगंबरला सगळं सांगितलं. तो लगेच म्हणाला, मी नेतो. मग थांबला. तीन वर्षांनी तो कुठल्या जहाजावर, कुठल्या बंदरात असेल, ते त्याला तरी कुठे माहीत होतं. तेव्हा मी म्हटलं, मी नेईन. स्तामातिसनं सभेच्या वहीत माझं नाव लिहून घेतलं, आणि त्याचा लिहितानाचा चेहरा पाहून मला वाटलं, त्या झिजलेल्या नावाच्या माणसाला पण असंच वाटलं असेल, आपण हे काय कबूल करून बसलो.

दुसऱ्या दिवशी जयवंतला स्तेलिओसच्या नावाखाली ठेवलं. पाद्री कबरस्तानाच्या दाराबाहेर थांबला होता. प्रार्थना त्याला म्हणता येत नव्हती. पण दोर धरायला एक माणूस कमी पडला तेव्हा तो आत आला आणि झगा खोचून त्यानं दोर धरला. दिगंबरनं मेलेल्याच्या ओठांना पाणी लावलं. त्याला मंत्र येत नव्हते. त्यानं गावच्या देवांची नावं घेतली, एकामागून एक, जेवढी आठवली तेवढी, आणि मग मूठभर माती टाकताना त्याचा हात उघडेना. निकितासनं ती मूठ धरून उघडली.

वारा पडल्यावर बोट आली आणि दिगंबर गेला. त्याची एक दोन पत्रं आली, एक सिंगापूरहून. नंतर आली नाहीत. मी देशात परतले, पुण्यात नोकरी लागली. लेख छापला. प्रोफेसरांनी प्रस्तावनेत स्वतःची चूक स्वतः लिहिली आणि पुस्तक हातात यायच्या आधी ते वारले.

तीन वर्षांनी मी लीसाराला गेले. खरं सांगायचं तर गावाला मी येईन असं वाटलं नव्हतं, आणि मलाही बोटीत बसेपर्यंत वाटलं नव्हतं. स्तामातिस निवडणूक हरला होता. पण निकितास धक्क्यावर उभा होता.

माती काढली तेव्हा मी लांब उभी होते. कालिओपी खाली उतरली. त्यांच्याकडे हे काम घरातल्या बायकांचं असतं. तिनं एकेक हाड हातात घेतलं, मातीतून सोडवलं, परातीत ठेवून वाइननं धुतलं, फडक्यानं पुसलं आणि उन्हात मांडलं. कवटी धुताना ती काहीतरी पुटपुटत होती. मी जवळ गेले तेव्हा कळलं, ती स्तेलिओसचं नाव घेत होती. निकितास तिला म्हणाला, "हा तो नाही." ती म्हणाली, "माहीत आहे मला." आणि धूतच राहिली.

पांढऱ्या चादरीत बांधून, पत्र्याच्या पेटीत घालून ती हाडं मी आणली. विमानात पेटी माझ्या पायांशी होती. कागदपत्रं सगळी नीट होती, कुठे कुणी अडवलं नाही. मुंबईहून देवगडच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, यात काय आहे, आणि मी खरं सांगितलं तेव्हा त्यानं माझ्या शेजारी कुणाला बसू दिलं नाही.

कुबलांचं घर खाडीच्या तोंडाशी होतं. घरच्यांनी पूर्वीच दर्भाचा पुतळा करून, तो जाळून सगळे विधी उरकले होते. जयवंतची बायको मुलीला घेऊन माहेरी राहत होती. ती आली होती, पण आत बसून राहिली. मोठं नाटक काही झालं नाही. आई, आनंदीबाय, ओसरीवर बसली होती. फार म्हातारी नव्हती. तिनं पेटी उघडायला सांगितली, चादरीची गाठ स्वतः सोडली आणि हाडांवरून हात फिरवला. मग वाकून वास घेतला.

"हाडां कोणी धुतल्यान?" तिनं विचारलं.

मी कालिओपीचं सांगितलं. जागा कुणाची होती तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी कालिओपीच्या मुलाबद्दल विचारलं, "तिचो झील गावलो?"

मी म्हटलं, नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीकाठच्या मसणात हाडांना अग्नी दिला. दिगंबरला तीन वर्षांपूर्वी हवी होती तेवढी लाकडं होती. राख खाडीत सोडल्यावर भटजींनी धाकट्या भावाला पिंड मांडायला सांगितले. बायका मागे उभ्या होत्या. आनंदीबाय पुढे आली आणि मला म्हणाली, त्या बाईच्या मुलाचं नाव काय सांगितलंस. मी म्हटलं, स्तेलिओस. तिला ते म्हणता येईना. दोनदा प्रयत्न केला, मग भटजींना म्हणाली, आणखी एक पिंड मांडा.

भटजी बरे होते. त्यांनी कुणासाठी ते विचारलं नाही, नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. फक्त गोत्र विचारलं.

"गोत्र आमचाच घाला," आनंदीबाय म्हणाली.

देवगडला येऊन मी लीसाराला फोन लावला. निकितासनं उचलला. कालिओपी बाजारात गेली होती. मी त्याला सांगितलं, की जयवंत पोचला, जसं ठरलं होतं तसं झालं. मग स्तेलिओसच्या नावानं आनंदीबायनं काय केलं तेही सांगितलं. त्याला पिंड म्हणजे काय ते कळेना. मी म्हटलं, मेलेल्यासाठी ठेवलेलं जेवण. समुद्राकाठी ठेवतात.

"काय ठेवलं?"

"भाताचा गोळा. तीळ घातलेला."

 

"त्याला भात आवडायचा नाही," निकितास म्हणाला. "लहानपणी ताटात तसाच ठेवायचा. आई रागवायची."

बूथच्या मीटरवर आकडे पळत होते.

"पण उपाशी असेल इतकी वर्षं," तो म्हणाला. "खाईल."